जॉबवर्कच्या छोट्या कारखान्याला कर सल्लागार हवा, अकाउंटंट हवा की सीए?

शिरोली टर्निंग (मूळ प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे सीएनसी (संगणकनियंत्रित) टर्निंगचे वर्कशॉप आहे. चार मशीन आहेत, दोन पाळ्यांत आठ ऑपरेटर आणि एक हेल्पर काम करतात, आणि बाकी सर्व मी पाहतो. फाउंड्रीकडून कास्टिंग (ओतीव भाग) चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, येते, आम्ही ते मशीनिंग करून परत पाठवतो आणि मजुरीचे बिल लावतो. वर्षाची उलाढाल ५५ लाखांच्या घरात आहे. चलनाचे पुस्तक आणि बिले माझी पत्नी सांभाळते. जीएसटीचे काम एका कर सल्लागारांकडे महिना १,५०० रुपयांवर आहे, तर आयकराचे विवरणपत्र वडिलांच्या काळापासून ओळखीचे असलेले दुसरे एक गृहस्थ वर्षातून एकदा भरून देतात.

२०२४ मध्ये मी चौथे मशीन घेतले. त्याची किंमत २२ लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ९६ हजार रुपये. हे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) सल्लागारांनी त्याच तिमाहीत घेतले, परंतु मशीन विकणाऱ्याने आपले विवरणपत्र उशिरा भरल्यामुळे ते बिल माझ्या टू-बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टल बनवते त्या क्रेडिटच्या यादीत, आलेच नव्हते. काही काळाने पोर्टलवर फरकाची सूचना आली आणि तिला सात दिवसांत उत्तर द्यायचे होते. मला मात्र ती सूचना कधी दिसलीच नाही, कारण नोंदणीच्या वेळी मोबाइल क्रमांक आणि ईमेल दोन्ही सल्लागारांच्या कार्यालयाचे टाकले गेले होते. उत्तर न गेल्यामुळे पुढच्या महिन्याची बिले पोर्टलवर चढवता येईनात. फाउंड्रीच्या टू-बीमध्ये आमची बिले दिसेनात, म्हणून त्यांनी पैसे रोखले. मला हे सगळे समजले ते फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागातून फोन आला तेव्हा. त्या महिन्याचे पगार मी पत्नीचे सोने गहाण ठेवून केले.

आता नवी व्यवस्था लावायची आहे. एक पूर्णवेळ अकाउंटंट ठेवावा, सर्व काम सीएंकडे द्यावे, की सल्लागार बदलून तीच पद्धत पुढे चालू ठेवावी? दरमहा जास्तीत जास्त १० ते १२ हजार रुपये मी यासाठी काढू शकतो. कृपया अनुभवाने सांगावे.

लेखापरीक्षक, पुणे

आपला प्रश्न माणूस कोणता ठेवावा असा आहे, पण घडलेल्या प्रकारात माणसाच्या लायकीइतकाच दोष व्यवस्थेचा आहे, आणि ती व्यवस्था तशीच ठेवून माझ्यासारखा सीए नेमला तरी उद्या हेच पुन्हा घडू शकेल. म्हणून नेमणुकीच्या आधी एक काम करा. पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल स्वतःचा करून घ्या. सध्याचे सल्लागार ओटीपी देऊन सहकार्य करीत असतील तर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या तपशिलातला हा बदल ऑनलाइन होतो. ते सहकार्य करीत नसतील, तर पॅन, ओळखपत्र आणि व्यवसायाचा पुरावा घेऊन आपण ज्या जीएसटी अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात येता त्यांच्याकडे लेखी अर्ज करा. ते नवा ईमेल व मोबाइल नोंदवून तात्पुरता पासवर्ड देऊ शकतात. आयकर, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आणि व्यवसाय कर यांच्या खात्यांवर कोणाचा क्रमांक आहे तेही त्याच दिवशी तपासा. जिथे एक चावी बाहेर असते तिथे सहसा सगळ्याच बाहेर असतात.

यानंतर कामाची वाटणी. आपल्या कारखान्यात तीन निरनिराळ्या प्रकारची कामे आहेत आणि ती एकाच माणसाकडून करून घेण्याचा हट्ट हे बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ असते. पहिले काम रोजच्या नोंदींचे, म्हणजे खरेदी, विक्री, चलन, बँक आणि येणे-देणे यांचे. त्यासाठी टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर व्यवस्थित येणारी व्यक्ती पुरते, आणि आपल्या आकाराच्या व्यवसायात तिने आठवड्यातून दोन दिवस येणे पुरेसे आहे. दुसरे काम विवरणपत्रांचे. ते कर सल्लागार, नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर किंवा सीए यांपैकी कोणीही करू शकतो. तिसरे काम विचाराचे आहे, आणि त्यासाठी दर तिमाहीला एक तास तरी सीएंसमोर बसायला हवे. हे तिसरे काम आज आपल्याकडे कोणीच करीत नाही.

ते कोणी करीत नसल्याचे काय परिणाम होतात, याचे एक उदाहरण आपल्याच मजकुरात दडलेले आहे. जीएसटी एकाकडे आणि आयकर दुसऱ्याकडे आहे, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत असतील असे मला वाटत नाही. आयकर भरणाऱ्या गृहस्थांनी नवे मशीन ताळेबंदात २२ लाखांना दाखवले की २५ लाख ९६ हजारांना, हे आजच पाहून घ्या. कराच्या रकमेवर घसारा घेतला असेल, तर जीएसटी कायद्याच्या कलम १६(३) प्रमाणे त्या रकमेचे क्रेडिट मिळत नाही. दोनपैकी एकच लाभ घेता येतो. चूक झाली असेल आणि सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल तर ती लगेच दुरुस्त करावी.

शिवाय मशीनचे बिल पुरवठादाराने नंतर पोर्टलवर चढवले असेल, तर ते कोणत्या महिन्याच्या टू-बीमध्ये आले आणि क्रेडिट पुन्हा रीतसर घेतले गेले का, याची खात्री करा. त्या आर्थिक वर्षानंतर येणारी ३० नोव्हेंबर ही साधारणपणे त्यासाठीची शेवटची तारीख असते. जवळपास चार लाखांचा प्रश्न आहे, म्हणून हे आग्रहाने लिहितो.

घरगुती मसाले ते कारखाना, सांगली

दादा, पूर्णवेळ अकाउंटंट ठेवण्याची घाई करू नका, एवढे सांगण्यासाठी लिहीत आहे. माझा हळद आणि मसाल्यांचा कारखाना आहे. काम वाढल्यावर मी पहिली नेमणूक पूर्णवेळ अकाउंटंटची केली. मुलगा हुशार होता आणि त्याने पैशाची कोणतीही गडबड केली नाही. परंतु दिवसाचे दोन-तीन तासांचेच काम असल्यामुळे उरलेल्या वेळात मी त्याच्याकडून पॅकिंगपासून वसुलीपर्यंत सर्व करून घेऊ लागले, आणि त्यामुळे नोंदी मागे पडत गेल्या. टॅलीचा डेटा त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होता. दीड वर्षाने त्याला पुण्यात चांगली नोकरी मिळाली, तो गेला आणि काही दिवसांतच तो लॅपटॉप बिघडला. सहा महिन्यांच्या नोंदी मला आणि माझ्या जावेला बिलांच्या गठ्ठ्यांवरून पुन्हा कराव्या लागल्या. त्या दोन महिन्यांत मी एकही नवा ग्राहक जोडला नाही.

आता एक बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मी त्यांना महिना सहा हजार रुपये देते. संगणक माझा, टॅलीचा परवाना माझ्या नावावर आणि शुक्रवारी जाण्यापूर्वी बॅकअप माझ्या पेनड्राइव्हवर, हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही. बँकेतून पैसे पाठवण्याची नोंद त्या करतात, पण मंजुरी मी माझ्या मोबाइलवरून देते. बँकेकडे अर्ज करून अशी दोन पातळ्यांची सोय करून घेता येते, आणि त्यात अविश्वासाचे काही नाही हे मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितले होते. उलट काही चुकले तर त्यांच्यावर आळ येत नाही, असे त्याच आता म्हणतात.

आपल्या पत्नी चलन आणि बिले सांभाळतात असे आपण लिहिले आहे. त्यांना टॅली शिकवण्याचा विचार केला आहे का? दोन-तीन महिन्यांच्या वर्गात एवढे काम सहज येते. मात्र त्यांना वेळ आणि इच्छा आहे का हे आधी त्यांनाच विचारा, कारण घर, मुले आणि वर्कशॉप यांच्यावर आणखी एक ओझे असे त्याचे स्वरूप झाले तर ते टिकणार नाही. त्यांनी हे काम घेतले तर त्याचे पैसेही त्यांच्या खात्यात दरमहा जमा व्हावेत असे मला मनापासून वाटते.

कर सल्लागार, नाशिक

मी गेली अनेक वर्षे लहान उद्योजकांची विवरणपत्रे भरतो. आपल्या सल्लागारांकडून मोठी चूक झाली आणि तिचे समर्थन करता येणार नाही. सूचना आल्याचे त्यांनी त्याच दिवशी आपल्याला कळवायला हवे होते, आणि जे बिल टू-बीमध्ये नाही त्याचे क्रेडिट घ्यायलाच नको होते. तरीही आमची बाजू येथे यावी म्हणून लिहितो.

आमचा क्रमांक पोर्टलवर का असतो? कारण ओटीपीसाठी फोन केल्यावर पुष्कळ ग्राहक तो उचलत नाहीत. मशीनवर असतात, गाडी चालवत असतात, आणि ओटीपीची मुदत संपून जाते. विवरणपत्र चुकले की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते आणि दोष आमच्यावर येतो. त्यातून ही चुकीची सवय पडली. मी स्वतः आता सर्व ग्राहकांचे क्रमांक त्यांच्याच नावे करून दिले आहेत आणि पोर्टलवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून रीतसर नेमणूक घेतो. तसे केले की माझे काम माझ्या लॉगिनमधून होते, अंतिम संमती ग्राहक देतो आणि ग्राहकाचा पासवर्ड मला लागत नाही. आपण नवा माणूस नेमताना त्याला हीच पद्धत विचारा. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरीकडे जा.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. १,५०० रुपयांत कोणती कामे येतात हे आपण कधी लेखी ठरवले होते का? त्या रकमेत विवरणपत्र भरणे बसते. टू-बी आणि खरेदीची बिले जुळवणे, फरक आढळल्यास पुरवठादाराच्या मागे लागणे, आलेल्या सूचनेला उत्तर देणे, हे सर्व ग्राहक गृहीत धरतो आणि सल्लागार त्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून ते करीत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहोत असे समजत राहतात. त्याऐवजी एक पानाचे पत्र करावे. कोणती विवरणपत्रे, बिले आपण कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, पोर्टल दर आठवड्याला कोण उघडून पाहणार, सूचनेच्या उत्तराचे वेगळे पैसे किती, आणि काम सोडल्यास पोचपावत्या व डेटा किती दिवसांत परत द्यायचा, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. हिशेबाची कागदपत्रे जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात आणि ती जबाबदारी उद्योजकाची आहे. सल्लागार बदलला म्हणून ती सुटत नाही.

आपले विवरणपत्र तिमाही पद्धतीचे दिसते. त्यात पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (पोर्टलवरील बिले चढवण्याच्या ऐच्छिक सोयीत) चढवता येतात. हे सक्तीचे नसल्यामुळे काही जण ते करीत नाहीत, पण आपले ग्राहक फाउंड्री आहेत आणि त्यांना दरमहा क्रेडिट हवे असते. त्यामुळे हे काम पत्रात नावानिशी लिहा.

सीए साहेबांच्या मताशी मी एका बाबतीत सहमत नाही. तिमाहीला एक तास ही कल्पना चांगली आहे, परंतु मोठ्या फर्ममध्ये लहान ग्राहकाच्या वाट्याला प्रत्यक्षात आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणारा विद्यार्थीच येतो. तो हुशार असला तरी दर काही महिन्यांनी बदलतो. आपल्या आकाराच्या उद्योगाने एकट्याने व्यवसाय करणारे किंवा दोघा-तिघांच्या फर्ममधले सीए निवडावेत आणि आपल्याशी स्वतः कोण बोलणार हे आधी विचारून घ्यावे.

लेखापरीक्षक, पुणे

नाशिकच्या सल्लागारांचा हा मुद्दा मला मान्य आहे. त्यात एकच भर घालतो. सीए म्हणून कोणी काम करीत असल्यास त्यांचा सदस्य क्रमांक विचारायला संकोच करू नका. बँकेसाठी किंवा अन्य कारणासाठी त्यांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन (त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो आणि तो सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळून पाहता येतो. कर सल्लागार या नावाला मात्र अशी पदवीची अट नाही. उत्तम सल्लागार पुष्कळ आहेत, पण तेथे पडताळणी आपल्यालाच करावी लागते, आणि त्यासाठी त्यांच्या दोन जुन्या ग्राहकांशी बोलणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

निवृत्त प्रॉडक्शन इंजिनिअर, भोसरी

वरचे सर्व सल्ले योग्य आहेत, तरी एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही. चार मशीन असलेल्या वर्कशॉपला एका महिन्याचे पैसे अडकल्यावर सोने गहाण ठेवावे लागते, याचा अर्थ हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. ते का राहत नाही? मी ३० वर्षे मशीन शॉपमध्ये काढली आणि निवृत्तीनंतर लहान वर्कशॉपना दर काढून देण्याचे काम करतो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मला एकच दोष दिसला. मशीन-तासाचा दर शेजाऱ्याचा पाहून ठरवलेला असतो.

आपल्या नव्या मशीनचा अंदाजे हिशेब मांडून पाहू. आकडे मी धरलेले आहेत, ते आपण आपल्या कागदांवरून बदलून घ्यावेत. कर्जाचा हप्ता ४५ हजार, दोन पाळ्यांच्या दोन ऑपरेटरांचे ३६ हजार, वीज १८ हजार, इन्सर्ट (कापणारी पाती) आणि कूलंट (थंड ठेवणारे द्रव) १५ हजार, भाडे, देखरेख आणि किरकोळ दुरुस्तीचा वाटा १६ हजार. महिन्याचे एकूण १ लाख ३० हजार झाले. आठ तासांच्या दोन पाळ्या आणि २६ दिवस धरले तर ४१६ तास होतात, आणि भागाकार केल्यावर तासाला सुमारे ३१३ रुपये येतात. म्हणून माणूस ३५० चा दर देतो आणि नफा आहे असे समजतो. परंतु मशीन ४१६ तास चालतच नाही. सेटिंग बदलणे, कास्टिंग वेळेवर न येणे, वीज जाणे, ऑपरेटरची गैरहजेरी आणि रिजेक्शन हे सर्व वजा केल्यावर तीन चतुर्थांश वेळ मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे ३१२ तास. आता तोच भागाकार करा, तासाला ४१७ रुपये पडतात. ३५० दराने प्रत्येक तासाला ६७ रुपये आपण स्वतःच्या खिशातून घालत आहात, आणि यात आपला स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही. जुन्या मशीनवर हप्ता संपला असेल तर तेथे बरे चित्र दिसेल. तेवढ्यावरच बहुधा सगळा गाडा चालला आहे.

हा हिशेब अकाउंटंट सहसा करून देणार नाही, कारण त्याच्याकडे मशीन किती तास चालले याची नोंदच नसते. ती नोंद ऑपरेटरकडून रोज भरून घ्यावी लागते. म्हणून आपल्या १२ हजारांतून आधी एकदाच होणाऱ्या या कामाला पैसे काढा. कॉस्ट अकाउंटंट किंवा शॉप फ्लोअर माहीत असलेला एखादा अनुभवी इंजिनिअर दोन-तीन भेटींत हे बसवून देतो, आणि त्यानंतर त्याची दरमहा गरज राहत नाही.

घरगुती मसाले ते कारखाना, सांगली

ग्राहकांकडून येणे असलेल्या पैशांविषयीही एक सांगते. आपली उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर सरकारी पोर्टलवर ती विनामूल्य होते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. एकाच मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करणे आपल्याला शक्य नसते हे मी जाणते, मीही कधी केलेली नाही. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशा थकीत रकमेची वजावट खरेदीदाराला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. मी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून मार्चमध्ये मोठ्या ग्राहकांकडून स्वतःहून फोन येतात. माझ्या अकाउंटंट बाई दर शुक्रवारी ३० दिवसांवरील येणे रकमांची यादी काढतात आणि सौम्य शब्दांत संदेश पाठवतात. त्यांच्या सहा हजारांतले सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते.

शिरोली टर्निंग

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. तीन आठवड्यांनी उत्तर देत आहे, कारण आधी काही कामे करून मगच लिहावे असे ठरवले होते.

पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल आता माझा आहे. जुन्या सल्लागारांनी ओटीपी दिला आणि झालेल्या प्रकाराबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. आयकराच्या कागदांत मशीन २५ लाख ९६ हजारांना दाखवलेले निघाले, म्हणजे पुण्याच्या साहेबांनी न पाहताच दुखणे ओळखले होते. कोल्हापुरातील एका लहान फर्मच्या सीए मॅडमनी दोन्ही कामे एकत्र घेतली आहेत आणि सुधारित विवरणपत्राचे काम सुरू केले आहे. एक पानाचे पत्रही झाले, त्यात आयएफएफची १३ तारीख आणि पोर्टल दर सोमवारी पाहण्याची अट लिहून घेतली.

पत्नीला मी विचारले. तिने टॅलीचा वर्ग लावला आहे आणि पगाराची अट तिने स्वतःच घातली, ती मला योग्य वाटली. तिचे शिकून होईपर्यंत एक अनुभवी गृहस्थ शनिवारी येऊन नोंदी तपासतात.

मशीन-तासांची नोंद १५ दिवस ठेवली. नव्या मशीनला ७१ टक्केच वेळ मिळाला, आणि आमचे खरे आकडे घातल्यावर दर ४३१ रुपये आला. मी ३६० लावत होतो. तो कागद घेऊन पुढच्या बुधवारी फाउंड्रीच्या खरेदी विभागाकडे जात आहे. सेटिंग वारंवार बदलावे लागणारे दोन जॉब त्यांनी मोठ्या लॉटमध्ये दिले तर मी ४०० पर्यंत खाली येऊ शकतो, असे मांडण्याचा विचार आहे. भोसरीच्या साहेबांना विचारावेसे वाटते की लॉटचा आकडा आपण आधी सांगावा, की आधी त्यांच्याकडून काढून घ्यावा?

निवृत्त प्रॉडक्शन इंजिनिअर, भोसरी

आपणच आधी सांगा, आणि सेटिंगला किती मिनिटे जातात याची १५ दिवसांची नोंद त्यांच्यासमोर ठेवा. एका सेटिंगमध्ये ३०० नग निघाले तर नगामागे किती सेकंद वाचतात हे काढून न्या. खरेदी विभागातील माणसाला वरिष्ठांना दाखवण्यासाठी आकडा लागतो, तो आपणच तयार करून दिलेला बरा. आणि रिजेक्शन कास्टिंगमधील दोषामुळे किती आणि मशीनिंगमुळे किती, हे वेगळे केले नसेल तर बुधवारपूर्वी तेवढे करून घ्या.